स्वमग्न मूल थकते तेव्हा : शिक्षक आणि पालकांनी काय करावे?



स्वमग्नता म्हणजे ऑटिझम, हे आता बहुतेक शिक्षकांना माहीत आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये जे 21 प्रकार आहेत, त्यात स्वमग्नता आहे. पण स्वमग्न मूल 'थकते' म्हणजे काय होते, हे डी.एड.च्या पुस्तकात मी कधी वाचले नव्हते. ते मला वर्गातल्या एका मुलाने शिकवले, आणि तेही माझी चूक झाल्यावर.

वर्गातला अनुभव

तिसरीतला मुलगा. स्वमग्नतेचे प्रमाणपत्र होते. दिवाळीपर्यंत छान रमला. रोज सकाळी फळ्यावर तारीख तोच लिहायचा. जागेवर बसायचा, विचारले की उत्तर द्यायचा. मी सगळ्यांना सांगायची, "बघा, किती सुधारला!" त्याच भरात जानेवारीच्या स्नेहसंमेलनात त्याला लेझीममध्ये घेतले. तीन आठवडे रोज सराव, ढोल, स्पीकर. त्याने सगळे केले. फोटोही छान आले.

फेब्रुवारीत तारीख लिहिणे बंद झाले. मग बोलणे बंद. खिचडीच्या वेळी ताटांचा आवाज झाला की कान दाबून कोपऱ्यात बसायचा. स्वतःचे नाव लिहिणारा मुलगा पेन्सिल हातात धरेना. मला वाटले, लाडावला. मी जास्तीचा अभ्यास दिला, एकदोनदा रागावलेही. शेवटी त्याची आई शाळेत आली. म्हणाली, "मॅडम, पोरगा घरी बी बोलून नाही राहिला. आला का पलंगाखाली जाऊन बसते."

गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षिकेला दाखवले, तेव्हा त्या म्हणाल्या, "हा आळस नाही. हा पार थकला आहे."

बर्नआउट म्हणजे काय?

यालाच 'ऑटिस्टिक बर्नआउट' म्हणतात. हा शब्द आधी स्वमग्न प्रौढांनीच स्वतःच्या अनुभवासाठी वापरायला सुरुवात केली. 2020 मध्ये अमेरिकेतील डोरा रेमेकर आणि सहकाऱ्यांनी अशा प्रौढांशी बोलून त्याची व्याख्या मांडली. त्यांच्या मते यात तीन गोष्टी दिसतात :

1) खूप दिवस टिकणारा थकवा. साधारण तीन महिने किंवा जास्त.
2) येत असलेली कौशल्ये जाणे. बोलणे, लिहिणे, स्वतःचे कपडे घालणे इत्यादी.
3) आवाज, उजेड, स्पर्श, गर्दी आधीपेक्षा कमी सहन होणे.

हा वैद्यकीय यादीतला वेगळा आजार नाही. अभ्यासही जास्त करून प्रौढांवर झालेला आहे. तरी वर्गात जे दिसते ते समजायला याची फार मदत होते.

रडारड, आदळआपट याला 'मेल्टडाउन' म्हणतात. तो काही वेळाने शांत होतो. बर्नआउट मात्र महिनोन्‌महिने चालतो, आणि बरेचदा गुपचूप येतो. म्हणून वर्गात तो 'शहाणा बसला आहे' असा दिसू शकतो.

कारण काय?

मूल आपल्याकडून जे मागितले जाते ते देत राहते, पण त्याला लागणारा आधार मिळत नाही. डोळ्यात बघ, हात हलवू नको, सगळ्यांसारखे बस. हे सगळे ते अंगावर ओझे घेऊन करते. याला 'मास्किंग' म्हणतात, म्हणजे स्वमग्नपण झाकून इतरांसारखे वागणे. माझ्या मुलाचे दिवाळीपर्यंतचे 'सुधारणे' यातले किती होते, हे मला आज सांगता येत नाही. पण त्याची किंमत मी मोजली नव्हती, हे खरे.

आम्ही काय केले?

आधी डॉक्टरांना दाखवले. अचानक बोलणे किंवा कौशल्य जात असेल तर झटके, कान, झोप, नैराश्य, शाळेत कुणी त्रास देते का, हे तपासलेच पाहिजे. शाळेत आरोग्य तपासणीला येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकालाही सांगता येते. मूल खातपीत नसेल किंवा स्वतःला इजा करत असेल तर थांबू नका, लगेच दवाखान्यात न्या.

मग शाळेत आणि घरी मिळून हे ठरवले :

• मागणी कमी. लेखन पूर्ण बंद. गृहपाठ नाही. शाळेची वेळ काही दिवस अर्धी.
• शांत जागा. ग्रंथालयाच्या खोलीत एक चटई. कान झाकायचा हेडफोन. खिचडी इतरांच्या दहा मिनिटे आधी.
• बोलण्याची सक्ती नाही. चित्रकार्ड, पाटी, बोटाने दाखवणे, सगळे चालेल.
• हात हलवणे, डुलणे थांबवायचे नाही. त्याने त्याला बरे वाटते.
• आवडीचे काम. तो तासन्‌तास बिया वेगळ्या करायचा. करू दिले.
• बदल आधी सांगणे. उद्या काय होणार ते चित्रांनी, आदल्या दिवशी.

'बोलत नाही म्हणजे हट्टी' असे काही पालक मला म्हणाले. मी त्यांना आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट सांगितली. सेवाग्रामला बापू सोमवारी मौन पाळायचे. त्या दिवशी चिठ्ठीवर लिहून काम चालायचे. बापूंचे मौन स्वेच्छेचे होते, या मुलाचे नाही, हा फरक आहेच. पण न बोलता माणूस समजू शकतो, सांगू शकतो, एवढे तरी आपल्या गावाला नवीन नाही.

बरे व्हायला किती वेळ?

उन्हाळ्याची सुटी कामी आली. आईने लग्नांना नेले नाही. नातेवाईक नाराज झाले, पण ती ठाम राहिली. जूनअखेर शाळा उघडली तेव्हा तो बोलत नव्हता. तान्हा पोळ्याला घरच्यांनी त्याला मिरवणुकीत पाठवले नाही, लाकडी बैल अंगणातच पूजला. त्यानंतर काही दिवसांनी एका सकाळी तो उठला आणि फळ्यावर तारीख लिहून जागेवर बसला. मी टाळ्या वाजवू दिल्या नाहीत.

दिवाळीनंतर शब्द परत आले. सगळे नाहीत. मोठ्याने वाचन अजून नाही. पुढच्या स्नेहसंमेलनात त्याने पडद्यामागे लेझीम मोजून वाटल्या आणि कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी घरी गेला. हे त्याच्याशी बोलूनच ठरले होते.

शिक्षकांसाठी शेवटचे

मूल बरे झाले की आपण लगेच जुना भार परत टाकतो. तसे करू नका, पुन्हा तेच होते. एकेक गोष्ट वाढवा, दोन आठवडे बघा, मग पुढची. आणि पालकांना दर आठवड्याला एकच प्रश्न विचारा : "शाळेतून घरी आल्यावर तो कसा असतो?" मी हा प्रश्न दिवाळीआधी विचारला असता तर जानेवारीत त्याला लेझीममध्ये घेतले नसते.

आपल्या वर्गात असे मूल असेल तर आपला अनुभव जरूर कळवा.