कर्नेलचा पॅच : डर्टी काऊच्या निमित्ताने



कर्नेलमधला सुरक्षा-दोष आणि त्यावरचा पॅच समजून घ्यायला लिनक्सचे ‘डर्टी काऊ’ प्रकरण फार उपयोगी आहे. त्याचा नोंद-क्रमांक सीव्हीई-२०१६-५१९५. हा दोष २००७ साली आलेल्या २.६.२२ या आवृत्तीपासून कर्नेलमध्ये होता आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये उजेडात आला. लिनक्स डेव्हलपर फिल ओस्टर यांनी आपल्या सर्व्हरवर येणारी एचटीटीपी वाहतूक साठवून ठेवली होती. घुसखोरी झाल्यावर तीच चाळताना त्यांना हल्ल्याचा प्रोग्राम सापडला. म्हणजे पॅच निघण्याआधीच कोणीतरी हा दोष वापरत होते.

सामान्य वापरकर्त्याला काही फाइली वाचता येतात, पण त्यांत लिहिता येत नाही. अशी फाइल एखाद्या प्रोसेसने स्वतःपुरती मेमरीत घेतली आणि तिच्यावर लिहायला घेतले, तर कर्नेलने त्या पेजची खासगी प्रत काढावी आणि लिखाण प्रतीवर करावे, असा नियम आहे. हेच कॉपी-ऑन-राइट, ‘काऊ’ हे त्याचे लघुरूप. आपल्याच मेमरीत लिहिण्याचा एक आडमार्ग ‘प्रॉक’ डिरेक्टरीखालच्या ‘मेम’ फाइलीतून जातो. तिथे कर्नेल आधी प्रत काढत असे, मग विनंतीवरची ‘लिहायचे आहे’ ही खूण उतरवून पेज पुन्हा शोधत असे. या दोन पायऱ्यांच्या मधल्या फटीत दुसऱ्या थ्रेडने ‘एमॲडव्हाइज’ हाक मारून ती प्रत टाकून दिली, की दुसऱ्या शोधात हाती मूळ पेज येई. खूण उतरलेली असल्याने नवी प्रत निघत नसे आणि लिखाण थेट मुळावर होई. वेळ नेमकी जुळावी लागते खरी, पण दोन थ्रेड सतत फिरवत ठेवले की ती केव्हातरी जुळतेच. पासवर्डची फाइल किंवा रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या, अधिकाराने चालणारा एखादा प्रोग्राम असा बदलता आला की मशीन हल्लेखोराच्या ताब्यात गेले.

लिनस टोरव्हाल्ड्स यांचा पॅच जेमतेम काही ओळींचा आहे. या क्षेत्रात शिरणाऱ्याने तो मुळातून वाचावा. खूण उतरवण्याऐवजी त्यांनी ‘प्रत काढून झाली’ अशी वेगळी खूण आणली आणि हाती आलेले पेज खरोखर तीच प्रत आहे का, हे ‘डर्टी’ बिटवरून पडताळायला लावले. सोबतचे टिपण कोडइतकेच मोलाचे आहे. हा दोष जुनाच असून अकरा वर्षांपूर्वी आपण तो दुरुस्त करू पाहिला होता, पण दुरुस्ती नीट साधली नाही आणि आयबीएमच्या एस-३९० यंत्रांवरील अडचणींमुळे ती मागे घ्यावी लागली, असे त्यात स्वच्छ लिहिले आहे. पूर्वी केवळ कागदोपत्री वाटणारी दोन थ्रेडांमधली ही शर्यत पुढे मेमरी-व्यवस्था बदलत गेली तशी प्रत्यक्षात जिंकता येऊ लागली. २०१६ चा पॅचही पूर्ण नव्हताच. मोठ्या आकाराच्या पेजांच्या बाबतीत उरलेली फट २०१७ मध्ये सापडली आणि तिला वेगळा सीव्हीई क्रमांक मिळाला.

पॅच लावण्याच्या कामात सर्वांत जास्त घोळ आवृत्तीच्या आकड्याने होतो. मूळ कर्नेलमध्ये ही दुरुस्ती ४.८.३, ४.७.९ आणि ४.४.२६ मध्ये आली. मात्र रेड हॅट, डेबियन, उबुंटू यांसारखी वितरणे आपल्या जुन्याच आवृत्तीत दुरुस्ती मागे नेऊन बसवतात. त्यामुळे ३.१० हा आकडा पाहून मशीन उघडे आहे असे म्हणता येत नाही आणि मोठा आकडा पाहून निर्धास्तही होता येत नाही. वितरकाच्या सुरक्षा-पत्रकात सीव्हीई क्रमांक शोधावा आणि तिथे दिलेला पॅकेजचा पूर्ण क्रमांक ताडून पाहावा.

‘दोष स्थानिक आहे, आधी लॉगिन लागते’ म्हणून असे पॅच मागे ढकलण्याची सवय सर्रास दिसते. ती चुकीची आहे. वेबसाइटच्या एखाद्या फटीतून साध्या वापरकर्त्याच्या हक्काने आत आलेल्याला रूट होण्यासाठी नेमका असाच दोष हवा असतो. अँड्रॉइडही लिनक्स कर्नेलवरच चालते. २०१७ मध्ये ‘झेडनियू’ या मालवेअरने डर्टी काऊच्याच आधारे फोनवर रूटचे अधिकार मिळवले आणि त्याची सर्वाधिक झळ चीन व भारताला बसली.

पॅकेज बसवले तरी मेमरीत जुनेच कर्नेल चालू असते. रीबूट केल्याशिवाय नवे लागू होत नाही. लाइव्ह पॅचिंगची सोय २०१५ पासून मूळ कर्नेलमध्ये आहे, तिने सदोष फंक्शनच्या जागी नवे फंक्शन चालत्या मशीनवर जोडता येते. पण प्रत्येक दुरुस्ती त्यात बसत नाही, म्हणून रीबूटची वेळ ठरवून ठेवलेली बरी. आधी एका कमी महत्त्वाच्या सर्व्हरवर चाचणी घ्यावी. बाहेरून आणलेले ड्रायव्हर नव्या कर्नेलसाठी पुन्हा तयार झाले आहेत का, हे पाहावे. जुने कर्नेल ग्रब या बूटलोडरच्या यादीतून लगेच काढू नये. नवे उभे राहिले नाही तर परतीचा मार्ग तोच. मशीन परत सुरू झाल्यावर ‘युनेम’ या आज्ञेने चालू कर्नेलचा क्रमांक पाहावा आणि तो पत्रकाशी जुळला, तरच काम झाल्याची नोंद करावी.