गुबगुबीत मूल आणि रक्तदाब

आपल्या आजी-आजोबांनी उपासमार पाहिली. म्हणून मूल गुबगुबीत दिसले की घर सुखावते. 'खात्यापित्या घरचे आहे' असे आपण कौतुकाने म्हणतो. ही भावना आम्ही जाणतो. पण आता शाळकरी वयातच लठ्ठपणाच्या जोडीने उच्च रक्तदाब येऊ लागला आहे.

वजन फार वाढले की मूत्रपिंडे मीठ व पाणी धरून ठेवतात, रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि हृदयाला जादा जोर लावावा लागतो. मुलाला बहुधा काहीच जाणवत नाही. त्यामुळे 'कुठे दुखतंय का' एवढे विचारून भागत नाही, मोजावे लागते.

एक सोपी खूण आहे. मुलाच्या उंचीएवढी दोरी घ्या, दुमडून निम्मी करा आणि बेंबीच्या किंचित वर पोटाभोवती धरा. टोके जुळली नाहीत तर दवाखान्यात दाखवा.

मोठ्यांचा आकडा लहान मुलांना लावू नका. त्यांचा रक्तदाब वय, उंची आणि मुलगा की मुलगी यांवरून ठरवतात. १३ वर्षांपासून पुढे १३०/८० किंवा अधिक म्हणजे जास्त. पाच मिनिटे शांत बसवून, दंडाला नीट बसणाऱ्या पट्ट्यानेच मोजावा. पट्टा लहान पडला तर आकडा उगाच वाढतो. एकदा जास्त आला म्हणून घाबरू नका, वेगवेगळ्या दिवशी पुन्हा मोजून डॉक्टर निदान करतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येईल त्या दिवशी मूल घरी ठेवू नका.

२५० मिली कोलात सुमारे सहा चमचे साखर असते. वेफर्स, पापड, लोणचे, खारवलेली मासळी यांतून मीठ जाते. मोठ्या माणसालाही दिवसाला ५ ग्रॅमहून कमी, म्हणजे चमचाभराच्या आतच मीठ पुरे. मुलांना त्याहून कमी. पाच रुपयांच्या पाकिटाऐवजी फुटाणे किंवा केळे द्या. रोज तासभर खेळ हवाच. मैदान नसेल तर संध्याकाळी विहाराचे अंगण मुलांना मोकळे करू या, आणि मुलींनाही खेळायला पाठवू या.

मुलाला 'जाड्या' म्हणून हिणवू नका, उपाशी ठेवू नका, त्याचे ताट वेगळे काढू नका. सगळ्या घरानेच मिठाचा हात आखडला, तर आजीचा रक्तदाबही ताब्यात यायला मदत होईल.