इज की वॉज?

कॉन्व्हेंटमध्ये टेन्सेस घोकूनही माझा काँक्रीट क्यूब टेस्टचा रिपोर्ट परत आला! मी लिहिलं होतं, "क्यूब इज केप्ट इन वॉटर फॉर २८ डेज." सर म्हणाले, "हे मॅन्युअल झालं. तू ठेवलास का?" आम्ही तर सातव्याच दिवशी फोडला होता.

तर दोस्तहो, आपण केलं ते भूतकाळात: १५० मिमीचा क्यूब ३१५ किलोन्यूटनला फुटला, ताकद १४ न्यूटन प्रति चौ. मिमी आली. क्युरिंगने ताकद वाढते, हे नेहमीचंच, म्हणून वर्तमानकाळ. तक्ताही 'दाखवतो', पानावर असतोच ना तो! खरी गोची निष्कर्षात. "या मिक्सची ताकद १४ आहे" म्हटलं की तीन क्यूब फोडून अख्ख्या स्लॅबची हमी दिल्यासारखं होतं. तिथे 'सातव्या दिवशी १४ आली' एवढंच लिहा.