आवाराला नको, वाफ्याला कुंपण घाला : रुआबांध्यात परसबाग राखण्याचा खर्च

भिलाईच्या रुआबांधा सेक्टरमधल्या पोलाद कारखान्याच्या क्वार्टरला पुढे-मागे थोडी जागा असते. तिथे पेरू, पपई, मुनगा आणि दोन-चार वाफे भाजी सहज होते. पण ती खाणारे फक्त आपणच नसतो. फाटक उघडं दिसलं की मोकाट गुरं आत येतात, आणि टोळी फिरकली की माकडं तासाभरात झाड रिकामं करतात. मग माणूस चिडून सगळ्या आवाराला जाळी ठोकायला निघतो. पैसे इथेच वाया जातात. आधी कोण येतं ते पाहा, मग काय राखायचं ते ठरवा आणि खिशात हात शेवटी घाला.

(खालचे दर अंदाजपत्रकापुरते ढोबळ आहेत. लोखंडाचा भाव सतत हलतो, त्यामुळे सुपेला, पॉवर हाऊसच्या बाजारात किंवा दुर्गमध्ये तीन ठिकाणी विचारून घ्या. पक्क्या बिलावर जाळीला १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो.)

आधी बिनखर्चाचं

खरकटं उघड्यावर टाकू नका आणि पडलेली फळं रोज उचला. पपईवर पहिली पिवळी रेघ दिसली की उतरवा, ती घरात पिकते. पेरूला कागदी किंवा कापडी पिशव्या बांधा. त्या नगाला दोन ते चार रुपयांना पडतात. मंगळवारी-शनिवारी गल्लीत कुणी माकडांना केळी-चणे घालत असेल, तर त्यांच्याशी गोडीत बोला. एका घरी खाऊ मिळाला की टोळी शेजारच्या दहा घरांत डोकावते.

हा नियम जगभर सारखाच आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात १९७० च्या दशकात न्यूयॉर्कहून ३७ रानटर्की आणून सोडल्या. आज त्यांचे थवे बॉस्टनच्या उपनगरांत लोकांच्या अंगणात फिरतात. तिथला वन्यजीव विभागही पहिला सल्ला हाच देतो : दाणे टाकणं बंद करा, आणि पक्षी आलाच तर पाण्याच्या पाइपने किंवा झाडू घेऊन ठामपणे हुसकवा.

वाफ्यांतलं पीक बदलणंही फुकटच. हळद, आलं, मिरची, पुदिना यांना माकडं सहसा कमी त्रास देतात. ही पिकं उघड्यावर लावा आणि टोमॅटो, काकडी, वांगी, मका जाळीत घ्या.

फाटक : ५०० ते १,५०० रुपये

गुरांचा उपद्रव बहुतेक वेळा फाटकातून सुरू होतो. बाहेरून वर उचलायची कडी गाय मुस्कटाने आणि बैल शिंगाने सहज सरकवतो. त्याऐवजी आतून आडवा सरकणारा अडसर बसवा आणि फाटक आपोआप मिटेल अशी स्प्रिंग लावा. फाटकाखाली वीतभर फट असेल तर एक पट्टी जोडून घ्या, म्हणजे शेळ्या आणि डुकरं थांबतात.

गुरं रोजचीच झाली असतील तर तक्रार नगर निगमाकडे करायची. रिसाली नगर निगम २०१९ मध्ये भिलाईपासून वेगळा झाला, तेव्हा आपला पत्ता कुठल्या निगमात मोडतो ते आधी पाहा. कोंडवाड्याला इथे कांजी हाऊस म्हणतात. अर्जात हाच शब्द लिहा.

१२ × ८ फुटांचा वाफा : तीन पर्याय

*फक्त गुरांसाठी.* चाळीस फूट घेर, चार फूट उंच चेनलिंक जाळी, म्हणजे १६० चौरस फूट. दर २५ ते ३५ रुपये धरला तर जाळी ४,००० ते ५,६००, सहा खांब २,१०० ते २,७००, सिमेंट आणि मजुरी २,५०० ते ३,५००. एकूण साधारण ९,००० ते १२,०००. माकड मात्र या जाळीचा शिडीसारखा उपयोग करतं.

*बांबू आणि नायलॉन जाळी.* साडेसहा फूट उंची आणि वरून छत, म्हणजे सुमारे ३५० चौरस फूट. जाळी, दहा बांबू आणि एका दिवसाची मजुरी धरून ५,००० ते ७,०००. पक्षी, शेळ्या आणि वाटेवरून जाणारी माकडं एवढ्याने टळतात. हट्टाला पेटलेलं माकड जाळी फाडतं, आणि ऊन-पावसाने ती दोन-तीन वर्षांत विरते.

*लोखंडी चौकट आणि वेल्डमेश.* तेवढंच माप, चौरस फुटाला ११० ते १५० रुपये. एकूण ४०,००० ते ५३,०००. माकडांवर खात्रीचा उपाय हाच. क्वार्टर कंपनीचं आहे हे विसरू नका. टाउनशिपच्या कार्यालयातून लेखी परवानगी घ्या आणि चौकट वेल्डिंगऐवजी नट-बोल्टची करा. क्वार्टर सोडताना ती उकलून नेता येते.

दुकानात फसू नका

गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते. १२ गेजची तार सुमारे २.६ मिलिमीटर जाड असते, १४ गेजची २. दिसायला फरक थोडा, पण १४ गेजच्या जाळीत लोखंड ४० टक्के कमी भरतं. ‘बारा नंबर’ सांगून चौदा गळ्यात मारलं जाऊ शकतं, म्हणून व्हर्नियरने मोजा किंवा गुंडाळी तोलून घ्या. पोलाद कारखान्याच्या गावात व्हर्नियर असलेला शेजारी हमखास सापडतो.

झटका मशीन : ८,००० ते १५,००० रुपये

कुंपणाच्या तारेत विजेचे झटके सोडणारं हे यंत्र शेतावर चालतं, पण मुलं खेळतात अशा दाट वस्तीत ते टाळावं. माकडाला झटका बसायचा तर एक तार वीजवाहक आणि शेजारची अर्थिंगची हवी, कारण एकाच तारेला लटकलेल्या माकडाला काही होत नाही. घेणारच असाल तर आयईसी ६०३३५-२-७६ या मानकाचं यंत्र मागा. घरातली वीज थेट तारेत सोडणं गुन्हा आहे आणि त्यात माणसं मरतात.

कायदा आणि चावा

काळ्या तोंडाच्या वानराला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ चं संरक्षण आहे. म्हणूनच माकडं पळवायला वानर भाड्याने आणणंही बेकायदा आहे. लाल तोंडाचं माकड २०२२ च्या दुरुस्तीने या कायद्याच्या सूचीतून निघालं, पण विष, फास किंवा मारहाण प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हाच ठरते. पकडून दुसरीकडे सोडण्याचा उद्योग स्वतः करू नका, वन विभागाला कळवा.

माकड समोर आलं तर डोळ्यांत डोळे घालू नका, दात दिसतील असं हसू नका, पाठ फिरवून पळू नका. चावलं किंवा ओरबाडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सेक्टर ९ च्या रुग्णालयात किंवा दुर्गच्या जिल्हा रुग्णालयात रेबीजची लस विचारा.

खर्च कोणत्या क्रमाने करावा

वाफ्यातून महिन्याला ५०० रुपयांची भाजी निघते असं धरलं, तर ४०,००० चा पिंजरा फिटायला ८० महिने लागतात. सहा हजारांची बांबूची जाळी वर्षभरात फिटते. म्हणून एक हंगाम पिशव्या, अडसर आणि पीकबदल यांवर काढा. पुढच्या हंगामात नायलॉन जाळी लावा. तीही माकडांनी फाडली आणि क्वार्टर अजून सात-आठ वर्षं तुमच्याकडे राहणार असेल, तरच लोखंडाला हात घाला.