तिकिटावरचा वेळ आणि प्रवासाचा खरा वेळ

नांदुऱ्याच्या परिसरातून दुबई, जेद्दाकडे कामासाठी जाणारे कारागीर आणि मालाच्या सौद्यासाठी जाणारे व्यापारी तिकीट हातात आले की सुटण्याची आणि पोहोचण्याची वेळ पाहतात. पण दोन्ही वेळा ज्या त्या गावच्या घड्याळाच्या असतात. म्हणून हिशेबाची रीत आपण समजून घेऊ.

पहिली गोष्ट अंतराची. विमानतळांमधील अंतर जवळजवळ सरळ रेषेत मोजतात. मुंबई-नागपूर रेल्वेने ८३७ किलोमीटर, विमानाने सुमारे ६९० भरते. मुंबई-दुबई सुमारे १९३० आणि मुंबई-जेद्दा सुमारे ३५०० किलोमीटर आहे. अंदाज काढण्यासाठी अंतराला ८०० ने भागावे आणि चढणे, उतरणे व धावपट्टीवरची चाल यांसाठी ४० मिनिटे मिळवावीत. अशा रीतीने नागपूर दीड तास, दुबई तीन तास आणि जेद्दा पाच तास येते.

दुसरी गोष्ट घड्याळाची. दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे, तर सौदी अरबस्तानचे अडीच तास मागे आहे. मुंबईहून सकाळी १० ला निघालेले विमान दुबईच्या ११.३० ला पोहोचले, तर प्रवास दीड तासाचा नव्हे, तीन तासांचा झाला. येताना हाच प्रवास कागदावर साडेचार तासांचा दिसतो. परतीच्या रेल्वेचे आरक्षण करताना पोहोचण्याची भारतीय वेळच धरावी.

तिसरी गोष्ट तारखेची, आणि पैसे बुडतात ते येथेच. तिकिटावर १५ तारीख आणि वेळ ००.४० असेल, तर ते १४ च्या मध्यरात्रीनंतरचे विमान होय. परदेशच्या विमानासाठी तीन तास आधी, म्हणजे १४ च्या रात्री ९.४० ला विमानतळावर हजर राहावे. नांदुरा ते मुंबई रेल्वेने सुमारे ५२० किलोमीटर, आठ-नऊ तास. दादरहून विमानतळ गाठण्यास दीड तास आणि गाडी उशिरा धावल्यास चार तास राखून ठेवले, तर १४ च्या सकाळी सातलाच नांदुरा सोडावे लागते. जो १५ ला निघेल, त्याचे विमान आदल्या रात्रीच गेलेले असेल.

देशातल्या देशात विमान नेहमी वेळ वाचवते असेही नाही. नांदुऱ्याहून नागपूरला जाण्यास पाच तास, तेथे दोन तास आधी हजेरी आणि दीड तास उड्डाण धरले, तर मुंबई गाठण्यास साडेआठ तास होतात. रेल्वे थेट तेवढ्याच वेळात नेते, आणि पुष्कळ स्वस्तात. जळगाव विमानतळ सुमारे शंभर किलोमीटरवर आहे. तेथून मुंबईची सेवा डिसेंबर २०१७ मध्ये सुरू झाली, पण पुढे खंडही पडला. म्हणून चालू वेळापत्रक पाहूनच बेत करावा.

शेवटी, तिकिटावर विमानतळाचे नाव जरूर वाचावे. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. तेव्हापासून 'मुंबई' म्हणजे सहारच, असे धरून चालत नाही.

एजंटाने तिकीट दिले की घरून निघण्याची तारीख व वेळ, विमानतळाचे नाव आणि उतरण्याची स्थानिक वेळ, या तीन गोष्टी त्याच्यासमोरच कागदावर लिहून घ्याव्यात. पैसे त्यानंतर मोजावेत.