पाण्याच्या वाटेने

प्रस्तुत पाठात अमेरिकेतील काही शहरे आणि राष्ट्रीय उद्याने यांतून जाणाऱ्या प्रवासाचे वर्णन आहे. शहरांना पाणी कोठून मिळते आणि त्यासाठी कोणाला काय गमवावे लागते, हे या पाठातून समजते.

विद्यार्थी मित्रांनो, अमेरिकेचा नकाशा समोर ठेवा. नकाशाच्या डाव्या कडेला, पॅसिफिक महासागराच्या किनाऱ्यावर, सॅन फ्रान्सिस्को हे शहर तुम्हांला दिसेल. तेथून आपण मोटारीने निघणार आहोत. ग्रँड कॅन्यन नावाच्या प्रचंड दरीपर्यंत आपल्याला जायचे आहे. अंतर सुमारे दीड हजार किलोमीटर आहे. बरोबर पिण्याचे पाणी भरपूर घ्या, कारण वाटेत वाळवंट आहे.

निघण्यापूर्वी शहराकडे एकदा नीट पाहा. सॅन फ्रान्सिस्कोच्या तीन बाजूंना पाणीच पाणी आहे. पण ते खारे आहे. मग या शहराच्या नळाला गोडे पाणी कोठून येते? १९०६ साली येथे मोठा भूकंप झाला. जमिनीखालचे नळ फुटले आणि शहराला आग लागली. आग विझवायला पाणी मिळेना. सुमारे तीन हजार माणसे मरण पावली. त्यानंतर दूरच्या डोंगरांतून पाणी आणण्याची मागणी शहराने अधिक जोराने केली.

त्या डोंगरांकडेच आपण निघालो आहोत. चार-पाच तासांत योसेमिटी राष्ट्रीय उद्यान येते. येथे एल कॅपिटन नावाचा एकसंध दगडी कडा जमिनीपासून सुमारे ९०० मीटर सरळ उभा आहे. मान मागे टाकली, तरच त्याचे टोक दिसते. ही दरी निर्मनुष्य नव्हती. अहवाहनीची नावाचे आदिवासी येथे पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. १८५१ साली हत्यारबंद तुकडीने त्यांना येथून हुसकून लावले. पुढे १८९० मध्ये या प्रदेशाचे राष्ट्रीय उद्यान झाले.

याच उद्यानात 'हेच हेची' नावाची दुसरी एक सुंदर दरी होती. तेथे धरण बांधायचे, असे सॅन फ्रान्सिस्को शहराने ठरवले. जॉन म्यूर या निसर्गप्रेमी लेखकाने त्याला कडाडून विरोध केला. "राष्ट्रीय उद्यानही सुरक्षित नसेल, तर सुरक्षित काय राहील?" असा हा प्रश्न होता. दुसरी बाजूही खोटी नव्हती. लाखो लोकांना पाणी हवे होते. १९१३ मध्ये धरणाला परवानगी देणारा कायदा झाला. पुढच्याच वर्षी म्यूर मरण पावले. १९२३ मध्ये धरण बांधून झाले आणि दरी पाण्याखाली गेली. १९३४ मध्ये तिचे पाणी शहरात पोहोचले. आज त्या भागातील पंचवीस लाखांहून अधिक लोक हे पाणी वापरतात. सकाळी निघताना आपण बाटल्या भरल्या ना? त्यांत याच दरीचे पाणी आहे.

आता घाट चढू या. टायोगा खिंड ३,००० मीटरहून उंच आहे. हिवाळ्यात बर्फामुळे हा रस्ता बंद असतो. खिंड उतरताच समोर मोनो सरोवर दिसते. त्याच्या काठावर चुनखडीचे पांढरे, ओबडधोबड मनोरे उभे आहेत. हे मनोरे पाण्याखाली तयार झाले. मग ते आज कोरड्या जमिनीवर कसे?

त्याचे उत्तर शेकडो किलोमीटर दूर असलेल्या लॉस एंजेलिस शहरात आहे. सरोवराला मिळणाऱ्या ओढ्यांचे पाणी १९४१ पासून या शहराने कालव्याने आपल्याकडे वळवले. चाळीस वर्षांत सरोवराची पातळी सुमारे १४ मीटर उतरली. पाणी आटल्याने एक बेट किनाऱ्याला जोडले गेले. कोल्ह्यांसारखे प्राणी चालत बेटावर गेले आणि त्यांनी पाणपक्ष्यांच्या घरट्यांची नासधूस केली.

ही गोष्ट कोणी उघडकीस आणली, माहीत आहे? काही महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी! १९७६ च्या उन्हाळ्यात ते सरोवराकाठी राहिले. त्यांनी पक्षी मोजले, पाण्याची तपासणी केली आणि सगळे लिहून काढले. १९७८ मध्ये डेव्हिड गेन्स आणि त्यांच्या सोबत्यांनी सरोवर वाचवण्यासाठी समिती स्थापन केली. लोकांनी लॉस एंजेलिसहून बाटल्यांत पाणी भरले, ते सायकलींवरून आणले आणि सरोवरात परत ओतले. एवढ्याशा पाण्याने सरोवर भरणार नव्हते. पण पाणी कोणाचे, हे सर्वांना कळले. प्रकरण न्यायालयात गेले. अखेर १९९४ मध्ये सरोवराची पातळी वाढू द्यावी, असा हुकूम झाला. ठरवलेली पातळी अजून गाठलेली नाही. पण सरोवर वाचले. मग लॉस एंजेलिस तहानलेले राहिले का? नाही. तेथील लोक पाणी जपून वापरू लागले. शहराची वस्ती वाढली. पण पाण्याचा एकूण वापर १९७० च्या तुलनेत वाढला नाही.

आता दक्षिणेकडे वळून आपण डेथ व्हॅलीत उतरतो. 'मृत्यूची दरी' हे नाव उगाच पडलेले नाही. १९१३ मध्ये येथे ५६.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. हा जगातील उच्चांक मानला जातो. येथील सर्वांत सखल जागा समुद्रसपाटीपेक्षा ८६ मीटर खाली आहे.

वाळवंट ओलांडताच रात्री लास व्हेगासचे दिवे चमकू लागतात. येथे वर्षभरात जेमतेम दहा सेंटिमीटर पाऊस पडतो. तरीही शहरात कारंजी नाचतात! हे पाणी मुख्यतः कोलोराडो नदीचे आहे. शहराजवळ या नदीवर २२१ मीटर उंचीचे हूव्हर धरण आहे. १९३५ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. धरणाच्या जलाशयाभोवती खडकांवर पांढरा पट्टा दिसतो. पाणी पूर्वी तेथपर्यंत होते. २०२२ मध्ये जलाशयाची पातळी १९३० च्या दशकानंतर सर्वांत खाली गेली. आता या शहरात सांडपाणी शुद्ध करून जलाशयात परत सोडतात. केवळ शोभेसाठी लावलेले गवत काढण्याचा कायदाही २०२१ मध्ये झाला आहे.

शेवटी आपण ग्रँड कॅन्यनच्या काठावर येतो. सुमारे ४४६ किलोमीटर लांब आणि दीड किलोमीटरहून खोल अशी ही दरी आहे. तळाशी दोऱ्यासारखी दिसणारी कोलोराडो नदी पाहा. लाखो वर्षे खडक कापत कापत तिनेच ही दरी कोरली.

दरीच्या एका फाट्यात हवासुपाई लोक राहतात. त्यांच्या नावाचा अर्थ 'निळ्या-हिरव्या पाण्याचे लोक' असा आहे. १८८२ मध्ये सरकारने त्यांना ५१८ एकर जमिनीत कोंडले. त्यांनी आपला हक्क सोडला नाही. १९७५ च्या कायद्याने त्यांना १ लाख ८५ हजार एकर जमीन परत मिळाली.

मित्रांनो, एवढी मोठी दरी कोरणारी ही नदी आज बहुतेक वर्षी समुद्रापर्यंत पोहोचत नाही. शेते आणि शहरे तिचे पाणी वाटेतच वापरून टाकतात. आपला प्रवास येथे संपला. घरी गेल्यावर नळ उघडाल, तेव्हा क्षणभर थांबा. ते पाणी किती लांबून आले असेल आणि वाटेत ते कोणाकोणाचे होते, याचा विचार करा.

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'हेच हेची' दरी कोणत्या राष्ट्रीय उद्यानात आहे?
(आ) मोनो सरोवराचे पाणी कोणत्या शहराने वळवले?
(इ) 'हवासुपाई' या नावाचा अर्थ काय?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) १९०६ साली सॅन फ्रान्सिस्कोतील आग विझवता आली नाही.
(आ) मोनो सरोवरातील पाणपक्ष्यांची घरटी धोक्यात आली.

प्र. ३. 'हेच हेची' येथे धरण बांधणे योग्य होते का? दोन्ही बाजू मांडून तुमचे मत पाच-सहा वाक्यांत लिहा.

प्र. ४. तुमच्या गावाला किंवा शहराला पाणी कोठून येते? घरातील मोठ्या माणसांना विचारा आणि वर्गात सांगा.