नर्सताईंच्या मोबाइलमधला वर्ग कोण चालवतं?

आरोग्यक्षेत्रात जायचं म्हणजे डॉक्टर व्हायचं, नाहीतर नर्स. असाच हिशेब बहुतेक घरांत मांडला जातो. या दोघांना आयुष्यभर शिकतं ठेवणाऱ्या माणसांचीही गरज असते, हे मात्र मुलांना सहसा कुणी सांगत नाही.

डॉक्टरांनी दर पाच वर्षांत किमान 30 तासांचं निरंतर वैद्यकीय शिक्षण घ्यावं, असं भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002च्या नियमावलीत म्हटलं होतं. एप्रिल 2020मध्ये कोविडशी लढणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी केंद्र सरकारने ‘दीक्षा’ मंचावर ऑनलाइन प्रशिक्षण सुरू केलं. असे अभ्यासक्रम चालवायला समन्वयक, अभ्यासक्रम रचनाकार आणि प्रणाली सांभाळणारे तंत्रज्ञ लागतात.

समन्वयकाचं काम नेमकं काय? समजा, उपकेंद्रातल्या नर्ससाठी रक्तदाब मोजण्याचा अभ्यासक्रम आहे. तज्ज्ञांचं तासाभराचं व्याख्यान दहा-दहा मिनिटांच्या भागांत मांडायचं, भाषा सोपी करून घ्यायची, लसीकरणाच्या दिवशी परीक्षा ठेवायची नाही. नेटवर्क नसलेल्या गावासाठी व्हिडिओ आधीच डाउनलोड करता येईल, हे पाहायचं. एकाच प्रश्नात सगळे चुकत असतील तर धडा तपासायचा. मध्येच थांबलेल्यांना फोन करून अडचण विचारायची. पट्टा दंडाच्या मापाचा आहे का, हात हृदयाच्या पातळीवर ठेवला का, हे पडद्यावरच्या प्रश्नांतून कळत नाही. त्यासाठी प्रत्यक्ष चाचणी ठेवावीच लागते. प्रमाणपत्रं किती वाटली यापेक्षा रुग्णाचा रक्तदाब बरोबर मोजला गेला का, यावर हे काम जोखलं पाहिजे.

इथे येण्याच्या वाटा अनेक आहेत. नर्सिंग किंवा इतर आरोग्यशाखेची पदवी आणि थोडा प्रत्यक्ष कामाचा अनुभव असेल, तर शिकणाऱ्याची अडचण लवकर कळते. सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवीही उपयोगी पडते. शिक्षणशास्त्र किंवा संगणकाकडून येणाऱ्यांनी एसएनडीटी महिला विद्यापीठाचा शैक्षणिक तंत्रज्ञान विभाग आणि इग्नूचे अभ्यासक्रम पाहावेत. ऑनलाइन अभ्यासक्रम चालवण्याची ‘मूडल’ ही प्रणाली मोफत आहे; ती घरच्या संगणकावर टाकून एक छोटा अभ्यासक्रम स्वतः बांधून पाहा. मुलाखतीत दाखवायला तो पदवीइतकाच कामी येईल.

पालकांनी दोन गोष्टी आधीच समजून घ्याव्यात. सरकारी प्रकल्पांतली बरीच पदं कंत्राटी असतात. शिवाय पदाचं नाव जागोजागी वेगळं असतं, त्यामुळे जाहिरातीत नावापेक्षा कामाचं स्वरूप वाचा. रुग्णालयं, विद्यापीठं, स्वयंसेवी संस्था आणि शैक्षणिक तंत्रज्ञानातल्या कंपन्या, सगळीकडे शोध घ्या.

मुलगा किंवा मुलगी दुसऱ्याला समजेपर्यंत न कंटाळता समजावते का, बारीकसारीक नोंदी नीट ठेवते का, हे घरात बसून पाहता येतं. उत्तर ‘हो’ असेल, तर या क्षेत्राचा विचार निर्धास्त करा. चांगलं शिकलेल्या एका नर्सच्या हातून गावातली शेकडो माणसं तपासली जातात. तिचं शिक्षण नीट होणं ही मोठी जबाबदारी आहे आणि ती पेलणारी मुलं आपल्याला हवी आहेत.